सारंगाचे तीन बादशाह

हमीद होडेकर मासळी घ्यायला गेला की आधी कल्ला उघडून बघायचा, मग डोळा, मग पोटाला बोट लावून. एवढं करून सुरमई घरी आणली तरी बायकोच्या, मासूमाच्या हातात देताना म्हणायचा, "कापताना जरा वास घेऊन बघ हां." गॅसचं सिलिंडर आलं की आणणाऱ्याच्या देखत स्वतःच्या काट्यावर चढवायचा. अमरीन शाळेत होती तेव्हा तिच्या प्रगतिपुस्तकातली बेरीज हा पुन्हा करायचा. एकदा दोन गुण जास्त निघाले, तर शाळेत जाऊन ते कमी करून आला. त्या दोन गुणांपायी पोरगी आठवडाभर बापाशी बोलली नव्हती.

हर्णेत लोक हसायचे, पण दबून. कारण हा माणूस एकतीस वर्षं जहाजावर होता, त्यातली अठरा सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम, आणि त्या अठरा वर्षांत त्याच्या हाताखालच्या एकाही माणसाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं. नवा दोर आला की हमीद त्याचे पीळ उलगडून आत बघायचा. एकदा एका बंदरात कोऱ्या दोराचा गठ्ठा आला, यानं वास घेतला आणि परत पाठवला. कॅप्टन चिडला, कंपनीची माणसं चिडली. चार दिवसांनी त्याच गठ्ठ्यातला दोर शेजारच्या जहाजावर तुटला आणि एका माणसाचा पाय घेऊन गेला. तेव्हापासून हमीदचा वहीम म्हणजे जहाजाचा एक पार्टच समजायचे. निवृत्त होऊन तो घरी आला तेव्हा बॅगेतून रेडिओ आणला, कॉफीचे कप आणले आणि वहीमही आणला. रेडिओ पहिल्याच पावसाळ्यात बिघडला.

एक गोष्ट मात्र जहाजाच्याही आधीची होती. हमीदचा बाप मासळीचा व्यापारी. संध्याकाळी हर्णेच्या पुळणीवर होड्या लागल्या, मासळीचे ढीग पडले, लिलाव पुकारायला सुरुवात झाली की बाप पोराचा हात धरून उभा राहायचा आणि शिकवायचा. जो ढीग पाहिजे त्याच्याकडं बघायचं नाही. पापलेट हवं तर बांगड्याचा भाव विचारायचा. फारच हवं असेल तर पाठ करून उभं राहायचं, आणि दुसरे दमले की सहज बोलल्यासारखं बोलायचं. डोळ्यांत हाव दिसली की भाव चढला. हे शिक्षण हमीदच्या अंगात इतकं मुरलं होतं की लग्नाआधी मासूमाला बघायला गेला तेव्हा सगळा वेळ तो भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. तो गेल्यावर तिच्या भावानं विचारलं, पोराला पोरगी पसंत नाय की काय.

आता खेळाचं. दर जुम्याला नमाज झाली, जेवणं झाली की हमीदच्या पडवीत चटई पडायची. केळशीहून यासीन महालदार स्कूटरवर यायचा. तो जहाजावर पंपमन होता. दापोलीच्या पलीकडच्या गावातून धोंडू गोरिवले एस.टी.नं यायचा. तो इंजिनात तेल घालणारा. तिघं एकाच कंपनीत, एकाच टँकरवर सात वर्षं काढलेले. एका खाडीच्या तोंडाशी त्यांचा टँकर अडतीस दिवस नांगर टाकून पडला होता, तेव्हा एका फिलिपिनो फिटरनं त्यांना हा पत्त्यांचा खेळ शिकवला. खरं नाव पॉट लिमिट ओमाहा. धोंडू त्याला चारपानी म्हणायचा, आणि मग सगळेच चारपानी म्हणायला लागले.

खेळ असा. प्रत्येकाच्या हातात चार पानं. मध्ये चटईवर आधी तीन पानं उताणी पडतात, मग एक, मग आणखी एक. हातातली दोनच पानं घ्यायची आणि मधली तीन, अशी पाच पानं जुळवायची. तीन सारखी आली तर चांगलं, पण ओळीनं पाच लागली तर रांग, ती तीन सारख्यांना खाते. आणि पाचही एका रंगाची झाली तर ती रांगेलाही खाते. प्रत्येक टप्प्यावर डाव लावायचा, पण मधल्या टोपात जेवढं जमलं असेल तेवढंच लावायची मुभा, त्याहून दाणा जास्त नाही. टोप म्हणजे मासूमाचा जुना ॲल्युमिनियमचा टोप, आणि दाणा म्हणजे चिंचोका. पैसा हराम, हे मासूमानं पहिल्याच दिवशी पडवीच्या दारात उभं राहून सांगितलं होतं. एक रुपया दिसला तरी पत्ते चुलीत जातील. म्हणून तिघांना शंभर शंभर चिंचोके. हरला तरी पुढल्या जुम्याला पुन्हा शंभर. यात कुणाचं काही जायचं नाही, आणि म्हणूनच तिघंही असे खेळायचे जसं काही शेत लावलंय.

नोव्हेंबरात हमीद हरायला लागला.

हरणं नवं नव्हतं. पण हे हरणं वेगळं होतं. वाईट पानांवर तो हरत नव्हता, ती तो फेकूनच द्यायचा. तो हरत होता चांगल्या पानांवर. एका जुम्याला हातात दोन गुलाम आले, आणि चटईवर पडली गुलाम, सत्ती, छक्की. म्हणजे तीन गुलाम, त्या घडीला त्यांच्यावर कुणाचंच काही नाही. हमीदनं पानं पालथी ठेवली, चहाचा कप उचलला, माडांच्या पलीकडं समुद्राकडं बघितलं आणि म्हणाला, "पास." धोंडू पास. यासीन दाढीवरून हात फिरवत पास. चौथं पान पडलं अठ्ठी. हमीद पुन्हा समुद्राकडं. आणि यासीननं टोपभर चिंचोके मोजून टाकले. हमीदनं हसत तेवढेच टाकले. शेवटी यासीननं हातातली दश्शी-नव्वी चटईवर ठेवली. सात, आठ, नऊ, दहा, गुलाम. टोप यासीननं ओढून घेतला.

पुढच्या जुम्याला तीन एक्के गेले, बदामाच्या रंगापुढं. त्याच्या पुढच्याला तीन राण्या. दर वेळी हमीदकडं राजेशाही, दर वेळी यासीन शेवटी कुठूनतरी हवं तेच पान काढून हजर. तिसऱ्या खेपेला यासीननं टोप ओढताना म्हटलं, "हमीद, तुझ्या राण्या माझ्यावरच भाळतात रे," आणि धोंडू इतका हसला की त्याला ठसका लागला. हमीदही हसला. पण त्या दिवशी रात्री जेवताना त्यानं भात चिवडला आणि मासूमाला विचारलं, यासीन पूर्वी जहाजावर असा हरहुन्नरी होता का गं. मासूमा म्हणाली, मी कुठं होते जहाजावर.

इथं सांगायला हवं की हे नुसत्या चिंचोक्यांचं राहिलं नव्हतं. यासीनचा मुलगा झैन आणि हमीदची अमरीन यांचं ठरलं होतं. अमरीन दापोलीत एका लॅबमध्ये रक्त तपासायची, झैन जहाजावर थर्ड इंजिनिअर. मागणी घालून झाली, साखर खाऊन झाली, दोघांचं एकमेकांशी पटलेलं सगळ्यांना दिसत होतं. राहिली होती फक्त निकाहची तारीख. झैनला वीस जानेवारीला जहाज पकडायचं होतं, मग नऊ महिने तो समुद्रावर. तारीख त्याच्या आत धरायला हवी. यासीन दर जुम्याला जाताना विचारायचा, आणि हमीद स्कूटरच्या चाकाकडं बघत म्हणायचा, "बगू."

कारण हमीदच्या डोक्यात दोर उलगडायला लागला होता. जो माणूस चिंचोक्यांसाठी लबाडी करतो, ज्यात एका पैशाचा लाभ नाही तिथं करतो, तो खऱ्या गोष्टीत काय करत असेल? आणि अशा घरात पोर द्यायची? त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचंच नसतं. आधी बघायचं.

बघायला त्यानं पत्त्यांपासून सुरुवात केली. कॅट खिडकीशी नेऊन एकेक पान उन्हात धरलं, कोपऱ्यांवर नखाच्या खुणा शोधल्या. एका इस्पिकच्या एक्क्यावर डाग सापडला. चाटून बघितला, तर आंब्याच्या लोणच्याचा निघाला, आणि लोणचं त्याच्याच घरचं. मग तो मुद्दाम खेडला गेला, स्टेशनजवळच्या दुकानातून दोन कोरे कॅट आणले आणि सील न फोडता थेट चटईवर ठेवले. यासीन म्हणाला, वा, आज ईद आहे का. त्या दिवशीही हमीदचे तीन दहा रांगेपुढं गेले.

मग त्याला भिंत दिसली. तो बसायचा तिथं मागं काचेचं कपाट होतं, दुबईहून आणलेल्या कपबश्यांचं. त्या काचेत याची पानं यासीनला दिसत असणार. पुढल्या जुम्याला कपाटावर चादर आली. धुळीसाठी, हमीदनं सांगितलं. मासूमानं चादरीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त कळलेलं असतं, हे हमीदला ठाऊक होतं. पुढं त्यानं जागा बदलल्या. धोंडूला मध्ये बसवलं, कारण धोंडू आणि यासीन एकमेकांना खोकून काही सांगतात की काय अशीही शंका आली होती. धोंडूचा खोकला विडीचा होता. यासीनच्या बोटातली फिरोजाची अंगठी हमीदनं बघायला म्हणून मागून घेतली आणि डाव संपेपर्यंत दिलीच नाही. यासीन बिनअंगठीचाही जिंकला.

डिसेंबराचे दिवस असे चालले. यासीन आता जाताना तारखेचं विचारीनासा झाला होता. खेळायला यायचा, चहा घ्यायचा, जायचा. एका दुपारी धोंडूकडून मासूमाच्या कानावर आलं की खेडच्या एका घरानं झैनसाठी निरोप पाठवलाय, पोरगी डॉक्टर आहे, आणि यासीननं अजून नाही म्हटलेलं नाही. त्याला वाटतंय की हमीदच्या मनात दुसरा कुणी पोरगा आहे, नाहीतर बाप असा टाळाटाळ करील कशाला. मासूमानं हे नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणाली की आता दोनच जुमे उरलेत. तेवढ्यात तारीख नाही ठरली तर पुढं काय व्हायचं ते तुम्हीच पोरीला सांगा, मी सांगणार नाही.

अमरीननं तर सरळ विचारलं. कामावरून आली, स्कार्फ सोडला, बापासमोर बसली.

"अब्बा, झैनमध्ये काय कमी दिसली?"

"कमी कुठं म्हटलं मी?"

"मग काय म्हटलंत? महिना झाला, तुम्ही काहीच म्हटलेलं नाही."

हमीद घड्याळाकडं बघायला लागला. अमरीन उठून आत गेली.

तेव्हा त्याला बाबल्या आठवला. बाबल्या चोगले गेली पस्तीस वर्षं हर्णेच्या पुळणीवर मासळीचा लिलाव पुकारत होता. माणसाचा चेहरा वाचावा तर त्यानं. भाव पुकारताना तो मासळीकडं बघायचाच नाही, घेणाऱ्यांच्या पायांकडं बघायचा, हातांकडं, गळ्याच्या घाटीकडं. हमीदनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की ये, नुसता बस, यासीनच्या हातांवर नजर ठेव आणि मला सांग तो कुठं काय करतो. बाबल्यानं एक जुमा बसून काढला. मला चार पानं सांभाळवत नाहीत, मी नुसतं बघतो, असं सांगून खांबाला टेकून बसला आणि तीन कप चहा प्यायला. त्या दिवशी हमीदचे तीन नव्वे गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिलाव आटोपल्यावर दोघं एका होडीच्या आडोशाला उभे राहिले. बाबल्याचा आवाज पुकारून पुकारून बसलेला.

"यासीन काय पण करत नाय," तो म्हणाला. "करतंस तू."

"मी?" हमीद म्हणाला.

"तुझा बाप वीस वर्षं माझ्या समोर उभा राह्यला. पापलेट हवं असलं की बर्फाकडं बघायचा. सुरमई हवी असली की पाठ करायचा. मला कळायचं, पण मी कधी बोललो नाय, म्हातारा माणूस. तू तसाच. चांगली पानं आली की पालथी ठेवतंस, कप उचलतंस आणि समुद्र बघतंस. यासीन त्या कपाची वाट बघत असतो."

"म्हणजे त्याला कळतं."

"धोंडूला पण कळतं. तुझ्या बायकोला आतून कळत असंल. पण ते सोड. लिलावात तू गप्प राह्यलास तर भाव पडतो, तुझा फायदा. तिथं माल एकच, आणि तो बदलत नाय. सुरमईची सुरमईच राहते. हितं रे? तुझ्याकडं आत्ता सगळ्यात भारी हाय, पण अजून दोन पानं पडायची हायत. समोरच्याच्या हातात चार पानं, त्याला कुठून ना कुठून रांग लागणार, रंग लागणार. तू गप्प बसलास की त्याला ती दोन पानं फुकटात बघायला मिळतात. मी असतो तर मी पण बसलो असतो. फुकट मासळी कोण सोडतो?" तो थुंकला. "भारी हाय ना, मग तेव्हाच टोपभर लाव. बघायचं तर दाम मोज म्हणावं. नाय परवडलं तर उठ."

हमीदनं ऐकून घेतलं. आणि घरी येता येता त्याच्या मनात आलं की यासीनच्या धाकट्या भावाची होडी आहे, तिची मासळी बाबल्याच पुकारतो. मग बाबल्या यासीनच्या बाजूनं बोलणार नाही तर कुणाच्या? आणि टोपभर लाव म्हणतो, म्हणजे एका डावात शंभरचे शंभर जावेत. रात्री त्याला नीट झोप आली नाही. त्यानं मनातल्या मनात गेलेले डाव पुन्हा मांडले, गुलाम, एक्के, राण्या, दहा, नव्वे, आणि प्रत्येक डावात स्वतःचाच कप त्याला उचललेला दिसला. तरी वहीम पुरता गेला नाही. निम्मा उरला.

जुमा उजाडला. मासूमानं चहाबरोबर त्या दिवशी खाजं ठेवलं होतं, कारण यासीन एकटा आला नव्हता, बायकोलाही घेऊन आला होता. ती आत मासूमापाशी बसली. म्हणजे आज निकाल, हमीद समजला. एकतर तारीख, नाहीतर साखर परत.

खेडचा दुसरा कोरा कॅट त्यानं फोडला, आणि पत्ते पिसायला धोंडूकडं दिले. दोन तास डाव मिळमिळीत गेले. तिघंही पानं फेकत होते, बोलणं मासळीचं आणि एस.टी.च्या वेळांचं. मग धोंडूनं पानं वाटली आणि हमीदनं आपली चार उचलली. त्यात दोन बादशाह होते, इस्पिकचा आणि किलवरचा.

चटईवर तीन पडली. चौकटचा बादशाह, बदामची नव्वी, बदामची चौकी.

तीन बादशाह. या घडीला याहून मोठं काही कुणाकडं असूच शकत नव्हतं. आणि दोन बदाम खाली पडलेले. तिसरा बदाम पडला तर ज्याच्या हातात दोन बदाम त्याचा रंग, आणि बादशाह मातीत. हमीदचा हात आपसूक पानं पालथी घालायला गेला, नजर माडांकडं गेली. कप समोरच होता. त्यानं हात मागं घेतला. टोपात तीस चिंचोके होते. त्यानं तीस मोजले, एकेक, आणि टोपात ओतले. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

धोंडूनं त्याच्याकडं बघितलं, टोपाकडं बघितलं आणि पानं टाकून दिली. यासीननं दाढीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग चारही पानं चटईवर सरकवली.

"घे बाबा," तो म्हणाला. "आज तुला खरंच काय तरी लागलंय."

जहाजावर एक नियम होता की डाव संपला की न पडलेलं पान उलटायचं नाही. त्यावरून मारामाऱ्या झाल्या होत्या. पण हमीद हा दोर उलगडून बघणारा माणूस. टोप ओढण्याआधी त्यानं गड्डीवरचं पुढलं पान उलटलं. बदामची राणी. मग हात लांब करून यासीनची फेकलेली पानं उताणी केली. एक चौकटची दुर्री, एक किलवरची सत्ती, आणि बदामची छक्की, बदामची तिर्री. दोन बदाम. यासीन थांबला असता तर पुढच्याच पानाला रंग लागला असता, टोप त्याचा होता.

हमीदच्या छातीवरून काहीतरी मोठं उतरलं, आणि उतरता उतरता तोंडातून निघून गेलं.

"तुला पुढचं पान ठाऊक नव्हतं!"

धोंडू टोपीशी चाळा करायला लागला. यासीननं आधी राणीकडं बघितलं, मग हमीदकडं.

"मला ठाऊक असतं," तो सावकाश म्हणाला, "असं तुला वाटत होतं?"

हमीदची नजर कपाटावरच्या चादरीकडं गेली.

"म्हणून ती चादर. म्हणून माझी अंगठी. बाबल्या पण म्हणूनच बसला होता?" यासीन एकेक आठवत होता, आणि प्रत्येकासरशी त्याचा आवाज खाली जात होता. "आणि तारीख? तारीख पण म्हणून अडवलीस? मी आपला बायकोला सांगतोय, हमीदकडं कुणी डॉक्टर-इंजिनिअर आला असेल. तुला मी चोर वाटत होतो."

तो उठला. गुडघे धरून उठायला त्याला वेळ लागला, आणि तेवढाच वेळ हमीदजवळ होता. आत बांगड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे आत सगळं ऐकू येत होतं. हमीदला समुद्राकडं बघायची फार इच्छा झाली. तो यासीनच्या तोंडाकडं बघत राहिला.

"वाटत होतास," तो म्हणाला. "खोटं नाय बोलत. पण झैन मला पहिल्या दिवसापासून हवाय. साखर घेऊन आलास त्याच दिवशी मी तारीख धरणार होतो. असा पोरगा मला पुन्हा मिळायचा नाय, आणि म्हणूनच मी बोललो नाय. हवंय ते मी कधी बोललोच नाय यासीन, मला येतच नाय. आता बोलतोय. माझी पोर तुझ्या घरात हवी. तू म्हणशील ते."

यासीन एक पाय पायरीवर ठेवून उभा होता. धोंडूनं हळूच विडी पेटवली, मग इथं ओढत नाहीत हे आठवून विझवली.

"मी म्हणीन ते?" यासीन म्हणाला.

"म्हणशील ते."

"मग आत जा. अमरीनला सांग, एवढे दिवस का गेले. तुझ्या तोंडानं सांग, झैनच्या बापाला तू काय समजत होतास. तिनं हो म्हटलं तर मी बसतो. नाय म्हटलं तर माझी स्कूटर उभीच आहे."

हमीदनं आयुष्यात बऱ्याच गोष्टी केल्या होत्या. वादळात डेकवर गेला होता, दुसऱ्या जहाजावर मेलेल्या खलाशाचं सामान त्याच्या आईच्या हातात दिलं होतं. पण स्वयंपाकघराचा तो उंबरा ओलांडायला त्याला यासीनच्या उठण्याहून जास्त वेळ लागला. अमरीन ओट्याला टेकून उभी होती, हात पुसायच्या फडक्यात हात. तिला सगळं कळलेलं होतं. तरी त्यानं सांगितलं, गुलामापासून. कपाट, खेड, बाबल्या. मध्ये कुठं गाळलं नाही. यासीनची बायको पाटावर बसून ऐकत होती, तिच्याकडं बघत त्यानं चोर हा शब्दही उच्चारला.

अमरीननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झैनवर पण वहीम घेतला होतात?"

"हो," हमीद म्हणाला. "चार दिवस. त्याच्या कंपनीत फोन करून विचारलं, खरंच थर्ड इंजिनिअर आहे का."

यासीनच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय, ते हमीदला कळेना. अमरीन हसली नाही. तिचे डोळे भरले होते आणि हातातलं फडकं ती पिळत होती.

"मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "मी त्याचे कागद केव्हाच बघितलेत. मी तुमचीच पोरगी आहे." मग ती आईकडं वळली. "अम्मी, त्यांना सांग बसायला. पण अब्बांना बाहेर पाठवू नको. तारीख तुम्ही ठरवा."

मासूमा आणि यासीनची बायको बाहेर गेल्या. हमीद ओट्यापाशी उभा राहिला. अमरीन त्याच्याकडं पाठ करून भांडी विसळायला लागली, जोरजोरात. नळाच्या पाण्याच्या आवाजातून पडवीतलं बोलणं तुकड्यातुकड्यानं आत येत होतं. यासीन काहीतरी म्हणाला, मासूमानं काहीतरी म्हटलं, धोंडू मध्येच एस.टी.चं बोलला. मग अकरा असं ऐकू आलं. अकरा जानेवारी, की एकवीस? एकवीस म्हणजे झैन गेल्यावर. हमीदचा पाय उंबऱ्याकडं वळला. जाऊन एकदा विचारून यावं, नक्की कोणती, कागदावर लिहिली का, कुणाच्या तोंडून आली.

अमरीननं नळ बंद केला आणि मागं वळून बघितलं.

हमीद जागच्या जागी उभा राहिला. बाहेर मासूमा खाज्याची बशी फिरवत होती, हे तिच्या बोलण्यावरून कळत होतं. कोणती तारीख ठरली ते त्यानं त्या दिवशी कुणालाही विचारलं नाही.